सरजाबाईचा पस्ताना

त्या दिवशी सकाळी ताडकळसवर अशी धुई उतरली होती की अंगणातून गोठा दिसत नव्हता. पौषाची थंडी, वारा अगदी पडलेला. बसथांब्यावरून गाडीचा हॉर्न ऐकू यायचा, पण गाडी कुठं आहे ते कळायचं नाही. लिंबाच्या पानावरून थेंब टपटप पत्र्यावर पडत होते. धुईला एरवी ओल्या कडब्याचा वास असतो. त्या दिवशीच्या धुईत आणखी कसला तरी वास मिसळलेला होता, घासलेल्या लोखंडाचा. पूर्णेच्या फलाटावर गाडी येऊन थांबली की येतो ना, तसा. सिताराम म्हाताऱ्यानं दोनदा नाक वर केलं, आणि मनात म्हणाला, असंल कुठंतरी वेल्डिंग चालू.

तो निघाला होता विरजण आणायला. हातात जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी. सरजाबाई, त्याची बायको, गेल्यापासून त्याच्या घरी दही लागत नव्हतं. म्हशीचं दूध तेच, मडकं तेच, चूल तीच. पण रात्री विरजण घालावं आणि सकाळी बघावं तर दूध नासून पाणी. शेजारची चतुराबाई रोज वाटीभर विरजण द्यायची आणि रोज म्हणायची, "भाऊजी, दह्याला बाईमाणसाचा हात लागतो."

चतुराबाई विधवा, सितारामच्याच वयाची. दोन्ही घरांची भिंत एक. तिचा नवरा सितारामचा जोडीदार होता, म्हणून ती वहिनी आणि हा भाऊजी. त्या दिवशी ती ढाळजेच्या, म्हणजे दारातल्या ओसरीच्या, तोंडाशीच उभी होती, झाडणी हातात धरून. झाडत मात्र नव्हती.

"वैनी, विरजण द्या. म्हैस वरडायलीय."

तिनं वाटीला हात लावला नाही. "आदी आत या… देवळीत बघा."

ढाळजेच्या भिंतीत एक देवळी होती, हातभर खोल. तिच्यात लाल फडक्याचं एक लहानसं गाठोडं ठेवलेलं. दसऱ्यापासून ते तिथंच होतं. गाठोड्यातून सुतळीचं एक टोक बाहेर आलं होतं आणि खाली, सारवलेल्या भुईवर, एक निळी चिंधी पडली होती.

"तुमी सोडली?" सितारामनं विचारलं.

"मी कशाला सोडू? निरगाठ ती, सरजाआक्काच्या हातची. दातानं वढली तरी सुटायची न्हाई." चतुराबाईचा आवाज खाली आला. "काल सांजच्याला दिवा लावला तवा गाठोडं जसंच्या तसं व्हतं. आता झाडायला घेतलं… तर ही खाली."

सितारामनं चिंधी उचलली. धुईत राहिल्यासारखी गार होती. बोलण्यासारखं एकच होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. काल संध्याकाळी त्याची नात राजेश्री, तिकडं जर्मनीत, हॅम्बुर्गच्या स्टेशनावरून आगगाडीत बसली होती. आणि निळी चिंधी म्हणजे हॅम्बुर्ग.

आता हे नीट सांगायचं तर सरजाबाईपासून सांगावं लागंल.

सरजाबाई शाळेत गेली नव्हती. तिचं माहेर पूर्णेजवळच्या एका खेड्यात, रुळाच्या कडेला. लहानपणी शेळ्या राखता राखता तिनं आगगाड्या बघितल्या, त्या जन्मभर तिच्या डोळ्यातून गेल्या नाहीत. लग्न होऊन ताडकळसला आली. इथं रूळ नाहीत. पण नांदेडला लग्न असो की परळीला दर्शन, बसनं जायचं म्हटलं की ती तोंड फिरवायची. "गाडीनं न्या, न्हाईतर मी येत न्हाई." गंगाखेडजवळ गोदावरीच्या पुलावर गाडी चढली की खिडकीतून रुपया टाकायची, आणि रुपया पुलाच्या लोखंडाला लागून टण्णकन वाजला की लहान पोरीसारखी हसायची. "गंगामायनं पावती दिली बगा."

आणि गाडीत चढायची तिची तऱ्हा! फलाटावर गाडी थांबायच्या आत ही सितारामच्या खांद्यावरचा पंचा ओढून घ्यायची, खिडकीतून आत टाकायची. पंचा पडला ती जागा धरली. मग भांडायला कुणी का येईना. सिताराम मागून गाठोडी सांभाळत चढेपर्यंत बाईसाहेब खिडकीशी बसलेल्या, आणि शेजारी याच्यासाठी पंच्याएवढी जागा.

नात राजेश्री परिचारिका होऊन जर्मनीत दवाखान्यात लागली, तेव्हा आख्ख्या भावकीला कौतुक. सरजाबाई मात्र फोनवर पहिलं हेच विचारती झाली, "आपल्या जर्मलच्या पातेल्याचा मुलूख ना? तिथं गाडी हाय का?"

राजेश्री हसली. म्हणाली, "आज्जी, इथं गाडीच गाडी. इथून बसलीस तर बर्फाच्या डोंगरातून, समुद्रावरून, पार इस्तंबूलपर्यंत जाता येतंय. देशामागून देश."

"मग नेऽ की."

झालं. तेवढ्यावर ठरलं.

पुढचा आख्खा उन्हाळा आणि पावसाळा त्या घरात दुसरा विषय नव्हता. संध्याकाळी फोन भिंतीला टेकवून ठेवायचा, त्यात राजेश्रीचं तोंड, आणि समोर सरजाबाई मांडी घालून. कुठली गाडी, कुठं बदलायची, बर्थ खालचा मिळतो का, चादर देतात का, खायला काय. लिहिता येत नव्हतं, तर बाईनं काय करावं? एक सुतळी घेतली. जिथं गाडी बदलायची तिथं एक निरगाठ, आणि गाठीत एक चिंधी. हॅम्बुर्गला निळी, कारण तिथं बंदर. झुरिकला पांढरी, कारण बर्फ. व्हेनिसला हिरवी. राजेश्रीनं सांगितलं होतं की तिथं गाडी पाण्यातून जाते, दोन्ही बाजूंना नुसतं पाणी. व्हिएन्नाला पिवळी, का तर हळदीच्या रंगाच्या मोठ्या मोठ्या इमारती फोनवर दिसल्या. पुढं बुखारेस्टला काळी, त्याला ती बुखारच म्हणायची, मग सोफियाला केशरी. आणि शेवटी इस्तंबूलला तिच्या लग्नातल्या शालूची जरीची लाल चिंधी.

सुतळी बोटातून ओढत ती प्रवास म्हणून दाखवायची, डोळे मिटून, एकसुद्धा गाठ न चुकता. सिताराम बाजेवर पडून ऐकायचा. त्याला वाटायचं, आपण हिच्याबरोबर एवढी वर्षं राहिलो, पण हिच्या डोक्यात एवढा मोठा मुलूख मावतो हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. एकदा राजेश्री म्हणाली की झुरिकला गाडी स्टेशनात शिरते आणि उलट्या तोंडानं बाहेर निघते. सरजाबाई म्हणाली, "म्हंजी पूर्णेसारखंच की! अकोल्याच्या गाडीचं इंजिन फिरवायचे तसं." आणि असं समाधान झालं तिला, जणू झुरिक म्हणजे पूर्णेच्या पलीकडचं गाव.

व्हिसाला बोटांचे ठसे द्यायला गेली तर मशीनवर ठसेच उमटेनात. घरी येऊन सितारामला म्हणाली, "आवं, माजी बोटं तुमच्या रानानं खाल्ली. आता तुमीच चला माज्या बदली."

"मी न्हाई येत बाई. म्हशीला कोण बघंल? अन् गुडघे?"

"बसा मग म्हशीपाशी. मी पुढं जाऊन जागा धरते."

हे तिचं बोलणं हसण्यावारी गेलं.

जायचं होतं पौषात. तिला बर्फच बघायचा होता. पण पौषात निघायला मुहूर्त कुठला? म्हणून तिनं जुनी रीत काढली. पूर्वीची माणसं लांबच्या गावाला निघताना चांगला दिवस आधी आला, तर त्या दिवशी आपलं एक गाठोडं घराबाहेर काढून शेजाऱ्याकडं ठेवायची. त्याला म्हणायचं पस्ताना. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं म्हणजे माणूस निघालं. मग स्वतः महिन्यानं जा की दोन महिन्यांनी. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी सरजाबाईनं लाल फडक्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, पुलावरून टाकायला एक रुपया आणि ती सुतळी बांधली. ते गाठोडं चतुराबाईच्या देवळीत नेऊन ठेवलं. चतुराबाईनं तिच्या तळहातावर दही घातलं. "जा आक्का, सुखानं जा."

पस्तान्याची एक अट असते. ज्या हातानं ठेवला त्याच हातानं उचलायचा. दुसऱ्यानं मधेच घरात आणला तर प्रवास तिथंच मोडतो, माणूस जिथं असंल तिथं अडकतं.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं. एका दुपारी सरजाबाई तुरीच्या शेंगा सोलत भिंतीला टेकली, ती टेकलेलीच राहिली. मांडीवर सुपात सोललेले दाणे, मुठीत एक शेंग. दुखलं नाही, खुपलं नाही. तेराव्याच्या मांडवात पोस्टमन आला, त्याच्या हातात तिचा पासपोर्ट, व्हिसा लागलेला. सगळे पुन्हा रडले. पिंड झालं, दान झालं, काही म्हणून राहिलं नाही. फक्त एक राहिलं. शेजारच्या देवळीतला पस्ताना त्या गडबडीत कुणालाच आठवला नाही.

राजेश्रीनं फोनवर सांगितलं, "आबा, मी जाते. आज्जीनं एवढ्या गाठी मारल्यात. तिचा खालचा बर्थ मी रद्द करत न्हाई. मोकळा राहू दे."

सिताराम म्हणाला, "जा बाई."

आणि आता ही निळी चिंधी त्याच्या तळहातावर.

त्याच दिवशी दुपारी राजेश्रीचा फोन आला. ती झुरिकला उतरली होती. मागं बर्फ भुरभुरत होता, पोरीचा चेहरा मात्र उतरलेला.

"आबा, एक विचारू? आज्जी मिसरी कुठली लावायची?"

"का गं?"

"रात्री डब्यात मिसरीचा वास सुटला. मला वाटलं मला आठवण आली म्हणून. पण तिकीट तपासणारा आला. त्यानं नाक वाकडं केलं अन् खालच्या मोकळ्या बर्थकडं बघून बोलला, इथं तंबाखू चालत न्हाई." ती थांबली. "बर्थकडं बघून, आबा. माझ्याकडं न्हाई… आणि जाताना त्या बर्थाकडंच ‘बाई’ म्हणून अदबीनं मान लववून गेला."

सितारामला हसूच आलं. परदेशातसुद्धा तिनं मिसरी सोडली नाही तर! आणि हसता हसताच त्याला देवळी आठवली. तो उठून चतुराबाईच्या ढाळजेत गेला. पांढरी चिंधी खाली पडली होती.

गोष्ट लपून राहिली नाही. चतुराबाईनं सांगितली नाही, पण चतुराबाईच्या सुनेनं सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी ती भुजंगापर्यंत गेली. भुजंग हा सितारामचा चुलतभाऊ. गावात कुणाचा बैल शिंकला तरी भुजंगाला कारण ठाऊक. तो तडक आला, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"दादा, तुमी काय करून बसलाव? पस्ताना बाहीर असताना माणूस गेलं, म्हंजी ते गेलंच न्हाई. ते रस्त्यात हाय."

"असू दे की. तिला रस्ताच पायजे व्हता."

"आवं, रस्त्यातलं माणूस एकटं जात न्हाई! सोबत लागती त्याला. अन् सोबतीला कोण हाय आता तिच्या? वरच्या बर्थावर कोण हाय?"

सितारामनं चहाची बशी न पिताच खाली ठेवली.

"ते गाठोडं उचला," भुजंग म्हणाला, "अन् गंगाखेडला जाऊन गोदावरीत सोडा. आजच."

"उचललं तर ती अडकंल. तिकडं… परक्या मुलखात. बर्फात."

"अन् न्हाई उचललं तर?" भुजंग हळूच म्हणाला. त्याच्या जिभेवरचं नेहमीचं तिखट गेलं होतं. "पोर एकुलती हाय, दादा."

संध्याकाळी परभणीहून मुलाचा, बालाजीचा फोन आला. राजेश्रीचा बाप तो. नोकरदार माणूस, असल्या गोष्टींना हसणारा. पण त्या दिवशी हसला नाही. "आबा, रजूला ताप आलाय. व्हेनिसला एकटी हाटेलात पडलीय. परत फिर म्हणलं तर ऐकंना. म्हणती, पाण्यावरून गाडी चालली तवा समोर कुणीतरी खिडकीला कपाळ लावून बसल्यासारखी काच धुकटली… तिच्या बाजूची न्हाई, समोरची… आबा, काय असंल ते करा. पण करा."

सितारामनं फोन ठेवला. दिवस मावळला होता, धुई पुन्हा उतरायला लागली होती. तो भुजंगाला घेऊन भिंतीपलीकडं गेला. चतुराबाईनं कंदील धरायचा तसा मोबाईलचा उजेड धरला. हिरवी चिंधी भुईवर पडलेली होतीच. देवळीतून गारवा येत होता, नव्या रांजणात तोंड घातल्यावर येतो तसा. आणि तोच वास, घासलेल्या लोखंडाचा. आता त्यात मिसरीसुद्धा होती.

"घ्या," भुजंग म्हणाला. पण स्वतः दोन पावलं मागं सरला.

सितारामनं गाठोड्यावर हात ठेवला.

ते हलत होतं.

जोरात नाही. फलाटावर उभं राहिलं की लांबून गाडी येताना पायाखालची फरशी हलते तेवढंच. धडधड नव्हे, नुसती बारीक थरथर. मग थोडी वाढलेली. तांदळाचे दाणे आत एकमेकांवर सरकत होते… सुर्र, सुर्र… आणि त्याच्या तळव्याखाली, एका लयीत, रुळांचे सांधे मोजल्यासारखं ठक्-ठक्… ठक्-ठक्…

"काय हो?" चतुराबाई कुजबुजली.

"गाडी चालू हाय," सिताराम म्हणाला.

भुजंगानं पुढं होऊन बोट टेकवलं, आणि चटका बसल्यासारखं मागं घेतलं. रामनाम घेत तो ढाळजेच्या बाहेर गेला तो परत आत आला नाही.

सिताराम तसाच उभा राहिला, हात गाठोड्यावर. उचलायला एवढासा जीव. लहान लेकरू उचलावं तसं. पण त्याच्या डोळ्यांपुढं सरजाबाई आली. खिडकीशी बसलेली, पदर वाऱ्यावर, तोंडात पहिल्यांदाच बघितलेल्या मुलखाचं नाव. चालत्या गाडीतून तिला उतरवायचं? कुठं उतरवायचं? ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाची भाकर हिसकावली नाही, म्हातारपणी सुनेला वाटेकरीण मानलं नाही, लेक मानलं, ती आपल्याच नातीला ओढून नेईल?

आणि तरी पोर तापानं फणफणलेली.

त्यानं देवळीजवळ तोंड नेलं. बहिऱ्या माणसाच्या कानात बोलावं तसा हळू बोलला. "सरजे… पोरीला नीट पोचीव. शेवटच्या गाठीपर्यंत पोचीव. सोबत लागलीच तुला, तर पोरीला नको…" त्यापुढं तो आणखी काहीतरी म्हणाला. ते चतुराबाईला ऐकू आलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं फक्त एवढं बघितलं की त्यानं हात काढून घेतला आणि गाठोड्याची थरथर थांबली. गाडीनं सिग्नलला थांबावं, तशी. मग पुन्हा सुरू झाली.

सकाळी बालाजीचा फोन. ताप उतरला होता. राजेश्री उठून व्हिएन्नाच्या गाडीत बसली होती.

त्यानंतर मात्र सितारामला त्या प्रवासाचा लळाच लागला म्हणा. भीती होतीच. पण भीती आणि कौतुक एका भाकरीच्या दोन बाजू झाल्या. दिवसा म्हशीचं बघायचं आणि फोनची वाट पाहायची. राजेश्री दाखवायची: बर्फानं गाडलेली गावं, कोळशासारखी काळी झाडं, डोंगर पोखरून काढलेले बोगदे. एका देशाची हद्द ओलांडून दुसऱ्यात गाडी शिरते आणि कुणी उठवतसुद्धा नाही. सिताराम म्हणायचा, "माणसानं काय काय करून ठिवलंय गं!" मग भिंतीपलीकडं जाऊन बघायचा. पिवळी पडलेली असायची. मग काळी. चिंध्या तो आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवायचा.

बुखारेस्टहून पुढं जाताना मोठी नदी लागते, डॅन्यूब. लोखंडी पूल, लांबच लांब. त्या दिवशी पूल ओलांडल्यावर राजेश्रीचा फोन आला. नुसता श्वास.

"रजू?"

"आबा… पुलावर होतो. थंडी म्हणून खिडक्या सगळ्या बंद. डब्यात मी एकटी. आणि… टण्णकन वाजलं. लोखंडावर. एकदाच." तिचा आवाज रडका की हसरा, कळेना. "आज्जी वाजवायची तसंच."

सितारामनं त्या संध्याकाळी पहिल्यांदा गाठोड्याचं तोंड जरा सैल करून आत बोट घातलं. उचललं नाही, जागेवरच. तांदूळ होते. हळकुंड होतं. सुपारी होती. रुपया नव्हता.

सोफियाची केशरी चिंधी पडली आणि मग फक्त लाल उरली. त्या रात्री तुर्कस्तानच्या हद्दीवर सगळ्यांना सामानासकट खाली उतरवतात, हे राजेश्रीनं आधीच सांगून ठेवलेलं. तिकडचा व्हिसा वेगळा. सिताराम जागाच होता, पण फोन आला तो दुसऱ्या दिवशी चांगला दिवस वर आल्यावर. पडद्यावर राजेश्री. मागं उन्हात चमकणारं पाणी, मशिदींचे मनोरे, पांढरे पक्षी. पोर खदखदून हसत होती, नाकाचा शेंडा लाल झालेला.

"पोचले आबा! इस्तंबूल!"

"बरी हायस ना?"

"एकदम बरी. आबा, सकाळी उठले तर खालच्या बर्थावरची चादर घडी करून ठेवलेली. चौपदरी, वर उशी, उशीवर आज्जी फणी ठेवायची तसा माझा कंगवा. मी न्हाई केली घडी. आणि उतरताना…" तिनं डोळे पुसले. "उतरताना पाठीवरून कुणीतरी हात फिरवला. मग एकदम मोकळं वाटलं. आता माझ्याजवळ कुणी न्हाई, आबा. मला कळतंय. ती उतरली."

बालाजीनं परभणीहून पेढे पाठवले. भुजंग ते खायला आला आणि म्हणाला, "मी म्हणलंच व्हतं, सरजावैनी तसली बाई न्हाई." चतुराबाई त्याला म्हणाली, "व्हय, देवळीपाशी राम राम म्हणत पळताना तेच म्हणत व्हते तुमी." सगळे हसले. किती तरी दिवसांनी त्या अंगणात माणसं हसली. सितारामला हलकं हलकं वाटत होतं. पोर वाचली. सरजाबाईनं सगळा मुलूख बघितला. प्रवास पुरा झाला म्हणजे पस्ताना घरच्या कुणीही आणावा, त्याला दोष नाही. उद्या सकाळी गाठोडं घरी आणू, तुळशीपाशी ठेवू, असं ठरवून तो झोपला. कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

सकाळी धुई नव्हती. ऊन असं स्वच्छ पडलं होतं की लिंबाचं पान न् पान मोजावं. सितारामनं तोंड धुतलं आणि दोरीवरचा पंचा घ्यायला हात नेला. दोरीवर पंचा नव्हता. काल संध्याकाळी त्यानंच वाळत घातला होता. गोठ्यात बघितलं, बाजेखाली बघितलं. वाऱ्यानं नेला असंल म्हणावं तर वारा कुठं होता? सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसून तो घरात आला आणि सवयीनं मडक्यावरचं झाकण काढलं.

दही लागलं होतं.

कवडीसारखं, घट्ट, वर सायीचा जाड थर. बोट लावलं तर मोडेना. अगदी सरजाबाईच्या हातचं. कुणाला लांबच्या गावाला निघायचं असलं की ती असं लावायची, तळहातावर घालायला.

सितारामला फार आनंद झाला. रोज विरजण आणायचो, आज आपणच वाटीभर देऊ, म्हणून त्यानं जर्मलच्या वाटीत दही काढलं आणि ती दोन्ही हातांत धरून, गुडघे सांभाळत, तो चतुराबाईच्या दारी गेला. गाठोडंही घेऊन यायचं होतं.

चतुराबाई ढाळजेच्या तोंडाशी उभी होती. तिनं वाटीकडं बघितलं, मग त्याच्या मोकळ्या खांद्याकडं बघितलं.

"भाऊजी…" ती म्हणाली, "तुमी कवा येऊन गेलाव? आक्काचं गाठोडं न्हाई देवळीत… तुमच्या पंच्याचं हाय. दाराला रातभर आतून कडी व्हती… अन् कोऱ्या सुतळीला एकच गाठ हाय, भाऊजी… एकच."